करड्या झग्याची शिवण : १९१६ च्या लष्करी नर्सचा गणवेश

जुना गणवेश शिवायला घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, तो दिसायला कसा होता. छायाचित्र समोर ठेवायचे, रंग जुळवायचा, कॉलर आणि टोपी तशी करायची आणि मोकळे व्हायचे. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी नर्सचा गणवेश शिवताना मला मात्र सुरुवातीपासून दुसऱ्याच प्रश्नाने वाट दाखवली : हे कपडे धुतले कसे जात होते? पांढरी कॉलर झग्याला जोडून का शिवलेली नाही, कफ वेगळे का, ॲप्रन एवढा मोठा का, बटणे कापडाने मढवलेली का, या सगळ्याची उत्तरे धोब्याच्या भट्टीपाशी मिळतात. एकदा हे ध्यानात आले, की त्या वेशातली एकही गोष्ट निव्वळ शोभेची वाटत नाही आणि शिवणाऱ्याला कुठे तडजोड चालेल व कुठे चालणार नाही, हेही कळू लागते.

सोलापुरातील एका नर्सिंग महाविद्यालयाने यंदाच्या १२ मे रोजी, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या परिचारिका दिनी, रुग्णसेवेचा इतिहास जिवंत उभा करायचे ठरवले होते. फलक आणि भाषणे बाजूला ठेवून विद्यार्थिनींनी त्या त्या काळातल्या नर्सचा वेश घालायचा आणि पाहुण्यांसमोर तेव्हाचे काम प्रत्यक्ष करून दाखवायचे, अशी ती कल्पना होती. कुणी क्रिमियन युद्धातली, कुणी १८८८ साली मुंबई बंदरात उतरलेल्या पहिल्या लष्करी नर्सेसपैकी एक, कुणी १९१६ च्या, आजच्या इराकमधल्या बसऱ्यातली, तर कुणी दुसऱ्या महायुद्धातली. त्यातला १९१६ चा वेश माझ्याकडे आला. माझे माहेर आणि सासर दोन्ही शिलाईच्या धंद्यातले आहे. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण शाळांचे, कारखान्यांचे आणि हॉस्पिटलांचे तयार गणवेश शिवणारे कारखानेही इथे मोठ्या संख्येने आहेत आणि अशाच एका कारखान्यात माझी उमेदवारी झाली आहे. आजच्या सिस्टरचा गणवेश मी डोळे मिटून बेतू शकते. शंभर वर्षांपूर्वीच्या सिस्टरचा बेतायचा, तर आधी ती कोण होती हे समजून घेणे भाग होते.

त्या काळच्या ब्रिटिश लष्करातील नर्सेसची मुख्य सेवा म्हणजे क्वीन अलेक्झांड्राज इम्पीरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. ती २७ मार्च १९०२ रोजी स्थापन झाली. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा तिच्यात तीनशेसुद्धा नर्सेस नव्हत्या; युद्ध संपेपर्यंत राखीव दलासह हा आकडा दहा हजारांपुढे गेला. १९१६ मध्ये बसऱ्याच्या लष्करी रुग्णालयांतही या सेवेतल्या नर्सेस पोहोचल्या होत्या. मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली ती मोहीम आपल्याला परकी नाही. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन ही पुण्याची डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले तेव्हा त्या पलटणींतले जवान कैदेत गेले. त्याआधी तैग्रिस नदीवरून तराफ्यांसारख्या बोटींत दाटीवाटीने भरून बसऱ्याकडे पाठवलेल्या जखमींचे जे हाल झाले, त्यांची पुढे चौकशी आयोगामार्फत चौकशी झाली आणि १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आमच्या विद्यार्थिनीला ज्या नर्सचा वेश घालायचा होता, ती या सगळ्या गदारोळात, बसऱ्याच्या उकाड्यात, दिवसभर उभी राहून काम करणारी बाई होती.

पहिला वाद झाला तो केपवरून. या सेवेतल्या कायम नर्सेसचा खांद्यावरचा छोटा केप भडक लाल रंगाचा असे आणि चित्रांत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तोच दिसतो. साहजिकच महाविद्यालयातल्या मॅडमना लाल केप हवा होता, कारण दुरूनही तो उठून दिसला असता. माझे म्हणणे वेगळे पडले. सुरुवातीला तीनशेच्या आत असलेल्या या सेवेत युद्धाच्या ऐन भरात ज्या हजारो बायका दाखल झाल्या, त्या राखीव दलातल्या होत्या आणि राखीव दलाचा केप करड्या रंगाचा, फक्त कडेला लाल पट्टी असलेला होता. एकच नर्स दाखवायची असेल, तर घरदार किंवा मुलकी हॉस्पिटलातली नोकरी सोडून युद्धापुरत्या आलेल्या त्या मोठ्या संख्येतली एक दाखवावी, हेच मला योग्य वाटले. मॅडमना ते पटले आणि त्यांनी विद्यार्थिनीच्या बोलण्यातही राखीव दलाचा उल्लेख घातला. पाहुण्यांनी पुढे सर्वांत जास्त प्रश्न याच कडेच्या पट्टीबद्दल विचारले.

दुसरा वाद छातीवरच्या लाल क्रॉसचा होता आणि तिथे मी अजिबात मागे हटले नाही. नाटकात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या सजीव देखाव्यात नर्स दाखवायची म्हटली की ॲप्रनवर लाल क्रॉस चिकटवलाच जातो. त्या युद्धात असा क्रॉस ॲप्रनच्या छातीवर लावत असत त्या रेड क्रॉसच्या स्वयंसेविका. १९०९ मध्ये सुरू झालेल्या स्वयंसेवी मदत पथकांतल्या, निळा झगा घालणाऱ्या या मुलींना जुजबी प्रशिक्षण मिळालेले असे. तीन वर्षे हॉस्पिटलात शिकून आलेल्या लष्करी नर्सच्या ॲप्रनवर हा क्रॉस नसे. एकीचे चिन्ह दुसरीच्या छातीवर लावणे हे दोघींवर अन्याय करणारे आहे. शिवाय ते चिन्ह कुणीही कुठेही वापरावे असे नाही. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लाल क्रॉस वापरता येत नाही. रणांगणावर ते चिन्ह पाहून गोळी थांबावी, हा त्यामागचा हेतू आहे आणि म्हणूनच त्याची किंमत राखली पाहिजे. औषधांच्या दुकानांवर आणि डॉक्टरांच्या गाड्यांवर ते सर्रास दिसते, म्हणून आपणही रंगवावे असे मला वाटत नाही. केपवरच्या चांदीच्या बिल्ल्याबाबतही मी हाच विचार केला. राणी अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची राजकन्या, म्हणून सेवेतल्या कायम नर्सेसच्या बिल्ल्यावर डॅनिश क्रॉस होता. पण सैन्याच्या बिल्ल्याची नक्कल करण्यापेक्षा साधी गोल पिन उजव्या बाजूला लावली आणि मूळ बिल्ल्याचे चित्र शेजारच्या टेबलावर ठेवले.

आता कापड. करड्या रंगाचे सुती कापड ही ऐकायला सोपी गोष्ट आहे, पण चाटी गल्लीत गेल्यावर कळते की गणवेशाचे म्हणून जे करडे कापड पुढे टाकले जाते, ते जवळजवळ सगळे टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेले सूत असते. दुकानदाराचाही त्यात दोष नाही, कारण गिऱ्हाईकाला चुरगळणारे कापड नको असते. मला मात्र चुरगळणारेच हवे होते. पॉलिएस्टरचा शोधच १९४१ चा आहे, तेव्हा १९१६ च्या झग्यात त्याचा धागाही असता कामा नये. आणि कालगणनेचा मुद्दा सोडला, तरी पॉलिएस्टरमिश्रित कापड खळ (स्टार्च) धरत नाही, उजेडात चमकते आणि भट्टीच्या पाण्याचे त्याला वावडे असते. दुकानात ‘प्युअर कॉटन’ असे सांगितले गेले तरी मी कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवून पाहते. सुताचा धागा कागद जळल्याचा वास सोडत भुरूभुरू जळतो आणि त्याची मऊ राख बोटांत चुरता येते. पॉलिएस्टर आकसते, वितळते आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात राखही येते आणि ती चुरताना बारीक खडाही लागतो. अशी पारख करत करत शेवटी एका जुन्या दुकानात, वरच्या फळीवर पडून राहिलेले दाट विणीचे करडे पॉपलिन मिळाले. ॲप्रनसाठी मात्र शोधाशोध करावी लागली नाही. रुंद पन्ह्याचे पांढरे शुभ्र सुती कापड या गावात मिळणार नाही तर कुठे मिळणार?

आणलेले कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापायला घेतले. ही सवय आपल्या आजीच्या पिढीची. कापड आधीच आटवून विकण्याची सॅनफोराइज्ड पद्धत १९३० मध्ये आली. त्यापूर्वीचे सुती कापड पहिल्या धुण्यात आणि पुढेही थोडे थोडे आटतच राही. त्यामुळे तेव्हाच्या धुवायच्या झग्यांत घेराच्या खालच्या बाजूला आडव्या टीपा घालून कापड दुमडून ठेवत, म्हणजे झगा आखूड झाला की एक टीप उसवायची आणि लांबी परत मिळवायची. मी अशा दोन टीपा घातल्या आहेत. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. शिवणाऱ्याला ती आटण्याची तरतूद आहे हे ठाऊक असते.

झग्याचा बेत आधी मांजरपाटावर केला. त्या काळातल्या छायाचित्रांत बायकांच्या अंगलटीचा जो ताठ आकार दिसतो, तो कॉर्सेटमुळे आलेला असतो आणि मे महिन्यातल्या सोलापुरात एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला कॉर्सेटमध्ये आवळून तासन्‌तास उभे करायला माझे मन धजले नाही. त्याऐवजी दाट मांजरपाटाची बिनबाह्यांची घट्ट बॉडी शिवली, तिच्यावर झग्याचा पुढा आणि पाठ बसवली आणि कंबर नैसर्गिक कमरेपेक्षा किंचित वर घेतली. एवढ्याने खांदे आपोआप मागे जातात आणि पुढा सपाट बसतो. घेराला पुढून चुण्या दिलेल्या नाहीत. तिथे ॲप्रन येतो आणि चुण्यांवर ॲप्रन फुगतो. सगळा घेर मागच्या बाजूला गोळा केला, त्यामुळे खाली वाकताना, खाटेभोवती फिरताना पावलांना जागा मिळते. लांबी जमिनीपासून चार-पाच इंच वर ठेवली. युद्धाआधीचे झगे जवळजवळ जमिनीला टेकत, पण युद्धाच्या कामात ते वर वर सरकत गेले. वॉर्डाच्या फरशीवरून ओढत जाणारी कड कोणत्याही मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखीला, परवडली नसती.

शिवण कशी करायची यावरून आमच्या कारखान्यातल्या मास्तरांशी बरीच चर्चा झाली. मास्तर पद्मशाली समाजातले, हातमागावर वाढलेले आणि पुढे शिलाईत आलेले. त्यांच्याइतकी कापडाची नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. ते म्हणाले, “ताई, आतून ओव्हरलॉक मारून देतो, अर्ध्या दिवसात काम होतंय. आतलं कोण बघतंय?” मी म्हणाले, “मास्तर, ती पोरगी लोकांसमोर बाह्या कोपरापर्यंत गुंडाळणार आहे. गुंडाळली की आतली शिवण बाहेर येते.” त्यावर ते हसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बाहीची सगळी शिवण दोन वेळा दुमडून, कच्ची कड आत बंद करून घातली. मग तशीच शिवण बगलेला, मुंढ्याला आणि घेरालाही घातली. कच्ची कड उघडी न ठेवण्यामागेही धुण्याचेच कारण आहे, कारण उकळत्या पाण्यात, दगडावर किंवा रुळांत उघडी कड आधी दशा सोडते आणि मग उसवते. माया, म्हणजे शिवणीच्या आतले जास्तीचे कापड, मात्र आम्ही बगलेत भरपूर सोडली, कारण हा झगा पुढच्या वर्षी वेगळ्या अंगाच्या मुलीला घालायचा आहे.

बटणांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हाच्या ॲप्रनला आणि आतल्या कपड्यांना धातूच्या कडीवर सुती कापड ताणून बसवलेली चपटी बटणे असत. ओले कपडे दोन रुळांमधून पिळून काढण्याच्या यंत्रात शिंपल्याचे किंवा हाडाचे बटण तडकते. कापडाचे बटण चपटे होऊन सुखरूप बाहेर येते. अशी बटणे आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून पडद्याच्या बारीक कड्या आणून त्यांच्यावर ॲप्रनचेच कापड मढवले आणि मध्यभागी टाके घालून ती घट्ट केली. हाताला वेळ लागतो, पण काजातून ते बटण इतके अलगद सरकते, की एका हाताने ॲप्रन सोडता येतो.

ॲप्रनची गरज कामाच्या ठिकाणी उभे राहिल्यावर कळते. रुग्णाचे रक्त, पू, औषध, साबण, सगळे आधी ॲप्रनवर येते. रंगीत झगा रोज भट्टीत घालता येत नाही, तो विटतो. आणि नर्सकडे झगेही मोजकेच. म्हणून जखमेच्या सर्वांत जवळ येणारा प्रत्येक भाग पांढरा, सुटा आणि उकळता येणारा ठेवला गेला. ॲप्रन पाठीमागे जवळजवळ एकमेकांना भेटेल एवढा रुंद घेतला, पट्ट्या पाठीवर फुलीसारख्या नेऊन कंबरपट्टीच्या मागच्या बटणांत अडकवल्या आणि खालची दुमड चांगली चार इंच ठेवली, कारण रुंद दुमडीच्या वजनाने ॲप्रन वाऱ्याने उडत नाही. पुढे एकही जोड येऊ दिला नाही. छातीवरचा भाग वरच्या दोन कोपऱ्यांना आतून सेफ्टी पिनने झग्याला टाचला. तो शिवून टाकला असता तर नीट बसला असता, पण मग ॲप्रन सुटा राहिला नसता.

आता कॉलर आणि कफ, म्हणजे ज्या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. आजच्या शिलाईत कॉलर ताठ करायची म्हणजे आत फ्युजिंग किंवा बकरम घालून प्रेसखाली दाबायची. जुन्या कॉलरीत असे काहीच नसे. ताठपणा सगळा खळीचा. आत सुती ड्रिलचा एक थर, वर आणि खाली पॉपलिन, कडेने दोन टीपा, मागे-पुढे गुंडी अडकवायला काजे, एवढीच तिची रचना. खळीचे ज्ञान सोलापुरात नव्याने शिकायला नको, असे मला वाटले होते. मागावर ताणा चढवण्याआधी त्याला खळ देतात, घोंगडीला चिंचोक्याची खळ लागते, हे लहानपणापासून पाहिलेले. परंतु चिंचोक्याचा रंग पांढऱ्या कापडाला चालत नाही आणि शिजवलेल्या खळीने कॉलर कडक होते खरी, पण तिला ती चकाकी येत नाही.

ती चकाकी कशी आणायची हे माझ्या मोठ्या आत्यांनी दाखवले. त्या सरकारी हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यांच्या उमेदीच्या काळात कॅपला अशीच खळ देत. “अगं, खळ गार पाण्यातच कालवायची,” त्या म्हणाल्या. “शिजव म्हणून कुणी सांगितलं तुला? ती इस्त्रीखाली शिजली पाहिजे.” यात सगळे शास्त्र आले. तांदळाच्या स्टार्चचे कण अगदी बारीक असतात; गार पाण्यात ते विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि कापड चोळले की विणीच्या आत शिरतात. मग ओलसर कापडावर कडक तापलेली इस्त्री ठेवली, की तिथल्या तिथे, धाग्यांच्या मध्येच ते शिजून फुगतात आणि कापडाचा पत्रा होतो. पाण्यात चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) घातला की इस्त्री चिकटत नाही आणि चमक येते. आत्यांनी कॉलर कोरड्या कपड्यात गुंडाळून काही वेळ ठेवायला लावली, म्हणजे ओल सगळीकडे सारखी झाली. वरची खळीची साय ओल्या फडक्याने पुसून काढायला लावली, नाहीतर इस्त्रीखाली तिचे पापुद्रे येतात. नंतर आधी उलट्या बाजूने, मग सुलट्या बाजूने, इस्त्री मधून टोकाकडे नेत दाबली. शेवटी कॉलर अजून गरम असतानाच त्यांनी ती एका डब्याभोवती वळवून बांधली. थंड झाल्यावर ती गळ्याच्या आकारात कायमची गोल राहिली. नखाने टिचकी मारली तर आवाज येत होता.

कफांची कथा आणखी वेगळी आहे. ताठ कफ मनगटावर असताना जखम धुता येत नाही. म्हणून कामाला लागताना नर्स कफ काढून ठेवी, बाह्या कोपराच्या वर सरकवी आणि त्या खाली घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर झालरीची, इलॅस्टिकची छोटी पट्टी चढवी. डॉक्टरांचा राउंड आला किंवा मेट्रन दारात दिसली, की पट्टी उतरवून बाह्या खाली, कफ परत मनगटावर. आत्यांना या झालरीच्या पट्ट्यांचे कौतुक वाटले. त्यांच्या वेळी अर्ध्या बाह्या आल्या होत्या, पण “मेट्रन आली की हात मागे घेऊन सरळ उभं राहायचं, ते तसंच होतं बघ,” असे त्यांनी सांगितले. आमच्या विद्यार्थिनीने हीच अदलाबदल पाहुण्यांसमोर करून दाखवली आणि ती करताना कफ कुठे ठेवायचे याचा प्रश्न पडल्यावर झग्याच्या उजव्या शिवणीत एक खोल खिसा द्यावा लागला. कात्रीची दोरी आणि पेन्सिलही त्याच खिशात गेली.

डोक्यावरचा रुमाल म्हणजे पातळ पांढऱ्या केंब्रिकचा ३६ इंची चौकोन. त्याला शिवण अशी नाहीच, फक्त चारी बाजूंनी बारीक तुरपाई. तो कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोणी दुमडायचा, दुमडीची कड कपाळावर घ्यायची, मागे मानेशी पिन लावायची आणि त्रिकोण पाठीवर मोकळा सोडायचा. याला खळ फार हलकी द्यावी लागते. जास्त झाली तर तो पाठीवर पडत नाही, उभा राहतो. आत्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर तो स्वतः बांधला आणि कपाळावरची कड दोन बोटे मागे घेतली. “केस झाकायचेत, चेहरा नाही. पेशंटला चेहरा दिसायला हवा.”

१२ मेच्या दिवशी सोलापूरचे ऊन नेहमीप्रमाणे कडक होते. बसऱ्याचा उन्हाळा पन्नास अंशांच्या आसपास पोहोचतो, त्यामानाने आपला उन्हाळा सौम्यच म्हणायचा. तरीही तासाभरात कॉलरीची आतली बाजू घामाने मऊ पडली आणि गळ्याला चिकटू लागली. मी सुट्या कॉलरी जास्तीच्या करून नेल्या होत्या, त्यामुळे ती पडद्याआड जाऊन कॉलर बदलून येत राहिली आणि झगा मात्र तोच राहिला. सुटी कॉलर कशासाठी, हे पाहुण्यांना वेगळे सांगावे लागले नाही. तिने खाट घातली, चादरीचे कोपरे तिरके दुमडून गादीखाली खोचले, पट्ट्या गुंडाळल्या, मॅडमच्या हाताला झोळी बांधली. वाकताना पाठीवर झगा ताणला गेला नाही, बाही मुंढ्यात अडकली नाही, ॲप्रन गुडघ्यांत आला नाही. माझे लक्ष सारे तिथेच होते. पाहायला आलेल्यांत काही निवृत्त सिस्टर होत्या. डफरीन चौकाचे नाव ज्या लेडी डफरीन यांच्यामुळे पडले, त्यांनी १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी उभारला होता. इथले डफरीन हॉस्पिटल त्याच परंपरेतले. तिथल्या जुन्या सिस्टरांच्या आठवणी या बायकांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितल्या आणि एकीने तर ॲप्रनच्या पट्ट्या फुलीऐवजी सरळ नेल्या तर खांद्यावरून घसरतात, हे स्वतःच्या अनुभवावरून विद्यार्थिनींना करून दाखवले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या महायुद्धातील भारतीय नर्सचा वेश मी शिवणार आहे. १ ऑक्टोबर १९२६ रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस उभी राहिली आणि १९४३ च्या वटहुकमाने या नर्सेसना वेगळे स्थान मिळाले; ज्यांच्या घरी आई, आजी किंवा मावशीचे त्या काळातले, गणवेशातले छायाचित्र असेल, त्यांनी ते जपून ठेवावे आणि शक्य झाल्यास त्याच्या मागे साल लिहून ठेवावे, कारण शिवणाऱ्याला बाहीची लांबी आणि कॉलरीचा आकार अशा छायाचित्रांतूनच कळतो.

करड्या झग्याचा, ॲप्रनचा आणि केपचा बेत मी खाकी कागदावर मापांसह उतरवून महाविद्यालयात ठेवला आहे. कुणाला हवा असेल तर तिथून उतरवून घ्यावा. केपची लाल पट्टी सरळ कापडात कापू नये, गोलाईवर तिला सुरकुत्या पडतात. उरेब, म्हणजे विणीला तिरकी, कापावी किंवा केपच्याच कडेवर ठेवून त्या गोलाईत कापावी. कंबर आधी मांजरपाटावर बसवून पाहावी आणि घालणाऱ्या मुलीला वाकायला, हात वर करायला, खाली बसायला लावून मगच करड्या कापडाला कात्री लावावी.